सोळा आण्यांपैकी दोन आणे : हेडफोनसाठी कमी खर्चातला सीडी प्लेअर निवडताना

लॅपटॉपमधून सीडीचा कप्पा नाहीसा झाला, मग मोटारीतूनही तो गेला, आणि मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे संगीताचे नावाजलेले दुकान २०१६ मध्ये बंद झाले तेव्हा सीडीचा विषय संपला असेच बहुतेकांनी धरले होते. तरीही २०२१ साली अमेरिकेत सीडींची विक्री २००४ नंतर प्रथमच वाढली, आणि गेल्या काही वर्षांत फियो आणि मूनड्रॉप यांसारख्या, हेडफोनच्या व्यवसायात नाव मिळवलेल्या चिनी कंपन्यांनी बॅटरीवर चालणारे नवे सीडी प्लेअर बाजारात आणले. त्यामुळे एक जुनाच प्रश्न पुन्हा कानावर येऊ लागला आहे : घरात शे-दोनशे सीडी आहेत, बऱ्यापैकी हेडफोन आहेत किंवा घ्यायचे आहेत, तर त्यांना जोडायला कमी पैशांत कोणता प्लेअर घ्यावा?

हा प्रश्न विचारणाऱ्यावर ओहम, डॅक, जिटर अशा शब्दांचा मारा होतो आणि बिचारा गोंधळून जो महाग तोच चांगला असे ठरवून मोकळा होतो. माझे उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकतो. रुपयाचे सोळा आणे धरले, तर दहा आणे हेडफोनवर खर्च करावेत, चार आणे ॲम्प्लिफायरवर आणि उरलेले दोन आणे प्लेअरवर. ही वाटणी अनेकांना उलटी वाटते, कारण गाणे प्लेअरमधून येते अशी आपली समजूत असते. ती का सोडावी, आणि ते दोन आणे नेमके कशावर घालावेत, हे पुढे पाहू.

तबकडीवर असते काय?

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचे नियम ठरवले, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये १ लाख ६८ हजार येनांना विक्रीस आला. गाण्याच्या सीडीचे ते मूळ नियम आजही बदललेले नाहीत, आणि खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने याहून दिलासा देणारी दुसरी गोष्ट नाही : चाळीस वर्षांपूर्वीचा धडधाकट प्लेअर आणि या वर्षीचा प्लेअर एकाच तबकडीतून तेच आकडे वाचतात.

आकडे हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा आहे. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते, प्रत्येक मोजमाप शून्य आणि एक यांच्या सोळा खुणांत, म्हणजे १६ बिटमध्ये लिहिलेले असते, आणि डाव्या व उजव्या कानांसाठीची मोजमापे वेगवेगळी असतात. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हे बिट आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत सूक्ष्म खाचांच्या रूपाने उमटवलेले असतात. रेषेच्या दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रॉन एवढेच अंतर असते, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसएक वेढे मावतील. आणि ७४ मिनिटांच्या सीडीवरची ती रेषा सरळ करून ठेवली, तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. ही वाट लेसरचा किरण न चुकता चालतो, आणि तेही तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० आणि शेवटी सुमारे २०० फेरे घेत असताना.

एवढी बारीक कारागिरी जिथे लागते, तिथे यंत्र बिघडण्याची जागाही तीच असणार, हे ध्यानात ठेवावे. शेवटी आपल्याला याच मुद्द्याकडे परत यायचे आहे.

तीन कामे, तीन माणसे

पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा मोडी कागद भरसभेत वाचून दाखवायचा आहे अशी कल्पना करा. एक माणूस कागदांचे गाठोडे बांधलेला रुमाल सोडून नेमका कागद काढतो आणि समोर धरतो. दुसरा मोडी जाणणारा तो कागद वाचतो. तिसरा खणखणीत आवाजाचा माणूस तेच शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. सीडी ऐकताना हीच तीन कामे होतात. तबकडी फिरवून लेसरने आकडे उचलणाऱ्या भागाला ट्रान्सपोर्ट म्हणतात. त्या आकड्यांपासून पुन्हा विजेची लहर तयार करणारी चिप म्हणजे डॅक. आणि त्या नाजूक लहरीला हेडफोन हलवण्याइतके बळ देणारा तो ॲम्प्लिफायर, ज्याला यापुढे नुसते ॲम्प म्हणू.

ही तिन्ही माणसे एकाच पेटीत बसलेली असू शकतात किंवा तीन वेगवेगळ्या पेट्यांत. कमी खर्चात चांगला आवाज मिळवण्याची गुरुकिल्ली अशी की, जे काम स्वस्तातही उत्तम होते तिथे पैसे वाचवायचे आणि जिथे स्वस्ताईचा फटका कानाला बसतो तिथे ते लावायचे.

ओरखडे पडलेली सीडी स्वस्त प्लेअरमध्ये खराब वाजत नाही का?

पहिला आक्षेप हाच येतो. आकडे उचलताना स्वस्त यंत्र थोडी चूक करेल, आवाज थोडा कोरडा होईल, महाग यंत्र अधिक सफाईने उचलेल, असे अनेकांना मनापासून वाटते. रेकॉर्ड आणि कॅसेटच्या बाबतीत ते खरेही होते. सीडीचे तसे नाही, कारण चूक होणार हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली आहे.

लग्नाचे वऱ्हाड दहा गाड्यांनी निघाले आहे, आणि यजमानांनी शहाणपणाने एका घरची सगळी माणसे एका गाडीत न बसवता प्रत्येक घरातला एकेकच माणूस प्रत्येक गाडीत बसवला आहे असे समजा. एक गाडी वाटेत बंद पडली, तर कार्यालयात कोणतेही घर पूर्ण गैरहजर नसते. प्रत्येक घरातला एक माणूस कमी असतो, आणि तो कोण हे घरातले बाकीचे लगेच सांगू शकतात. सीडीवरचे आकडे असेच दूरदूर विखुरून लिहिलेले असतात आणि हरवलेला आकडा ओळखता यावा म्हणून जोडीला पडताळणीचे जादा आकडे असतात. या व्यवस्थेमुळे रेषेवरचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा पूर्ण पुसला गेला तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळवता येतात. त्याहून मोठी हानी असेल, तर प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरतो, आणि तेही जमले नाही की टक-टक ऐकू येते किंवा गाणे अडकते.

म्हणून ओरखड्यामुळे आवाज हळूहळू निस्तेज होत जात नाही. बहुतेक वेळा तो आहे तसाच वाजतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम बिनसतो. ट्रान्सपोर्टला आपण गोडवा मागायचा नसून भरवसा मागायचा.

मग महाग प्लेअर अधिक गोड वाजतो, तो कसा?

मोडी जाणणारे दोन वाचक असतील आणि दोघांनाही लिपी नीट येत असेल, तर मजकूर तोच बाहेर पडणार. डॅक चिपच्या बाबतीत नेमके हेच घडलेले आहे. आज मोबाइलला हेडफोन लावण्याच्या स्वस्तातल्या जोडणीत बसणारी चिपही सीडीच्या ९६ डेसिबलच्या पल्ल्याला, म्हणजे तिच्यावरच्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या फरकाला, व्यवस्थित न्याय देते. जुन्या फिलिप्स चिपा अधिक गोड वाजतात अशी जी दंतकथा उभी राहिली आहे आणि जिच्यापायी काही जुन्या यंत्रांच्या किमती चढलेल्या आहेत, तिला हौस म्हणून मान द्यावा, पण बेताच्या पैशांत खरेदी करताना तिच्यामागे जाऊ नये. जिटर म्हणजे आकडे वाचण्याच्या तालातली सूक्ष्म थरथर; ती मोजता येते हे खरे, परंतु सुस्थितीतल्या साध्या यंत्रातही ती कानाला कळण्याच्या फार खाली असते.

तरीही दुकानात महाग प्लेअर सरस वाटला असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. बहुतेक प्लेअर मागच्या जोडणीतून सुमारे दोन व्होल्टचा संकेत देतात. एखादा प्लेअर २.३ व्होल्ट देत असेल, तर तो साधारण १.२ डेसिबलने मोठा वाजतो. एवढा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून सहसा लक्षात येत नाही, तो ‘अधिक भरदार’ म्हणून जाणवतो. दोन यंत्रांची तुलना आवाजाची पातळी मोजून समान केल्याशिवाय करू नये, आणि शक्य असेल तर कोणते यंत्र वाजत आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये.

खरा फरक कुठे पडतो : हेडफोन आणि ॲम्प यांचे जमणे

येथे मात्र थांबून विचार करायला हवा, कारण चुकीच्या खरेदीचे सर्वाधिक पैसे याच जागी वाया जातात.

प्रत्येक हेडफोन विजेच्या प्रवाहाला काही प्रमाणात अडवतो. या अडवणुकीला इम्पीडन्स म्हणतात आणि ती ओहममध्ये मोजतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्यांत मिळतो. गच्चीवरच्या टाकीची उपमा येथे चपखल बसते. ओहम जास्त असलेल्या हेडफोनला दाब, म्हणजे व्होल्ट, अधिक लागतो. ओहम कमी असलेल्याला दाब थोडा पुरतो, पण पाणी भरपूर सोडावे लागते. एचडी ६०० ला एक व्होल्ट दिला की ९७ डेसिबल आवाज होतो. मैफलीतला एखादा क्षणिक कळस ११० डेसिबलपर्यंत न्यायचा असेल, तर त्याला सुमारे साडेचार व्होल्ट लागतील, आणि ते अनेक छोट्या प्लेअरांच्या हेडफोन-खोबणीतून मिळत नाहीत. अर्थात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि सरासरी ८० डेसिबल अशी आहे, तेव्हा ही ताकद केवळ कळसांसाठी राखीव समजावी. तासन्तास तशा आवाजात ऐकण्यासाठी ती नाही.

दुसरी बाब कमी चर्चिली जाते, पण अधिक महत्त्वाची आहे. जुन्या इमारतींत खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, कारण टाकीतून निघणारा पाइपच अरुंद असतो. ॲम्पच्या आतही असा ‘अरुंद पाइप’ असतो, त्याला त्याचा निर्गम इम्पीडन्स म्हणतात. हेडफोनची अडवणूक सर्व सुरांना सारखी नसते. एचडी ६०० मध्ये ती खर्जाच्या पट्ट्यात बरीच वाढते. ॲम्पचा पाइप अरुंद असेल, तर काही सुरांना धार जास्त मिळते आणि काहींना कमी, म्हणजे तबला जरा फुगतो किंवा गायकाचा आवाज मागे सरतो. हेडफोन तोच, सीडी तीच, तरी चेहरा बदललेला. यावर सोपा ठोकताळा आहे : ॲम्पचा निर्गम इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा त्याहून कमी हवा. ३०० ओहमचा हेडफोन या बाबतीत बराच सोशिक असतो.

मोठ्या आकाराच्या अनेक जुन्या सीडी प्लेअरांच्या दर्शनी भागावर हेडफोनची जाड खोबण आणि शेजारी आवाज कमीजास्त करण्याची एक छोटी मूठ असते. ती पाहून मन मोहते, पण बऱ्याच यंत्रांत ती निव्वळ सोय म्हणून दिलेली असते आणि तिच्यामागे सुरक्षेसाठी घसघशीत रोध, म्हणजे तोच ‘अरुंद पाइप’, बसवलेला असतो. आजच्या कमी ओहमच्या हेडफोनसाठी त्या खोबणीवर विसंबू नये. तिच्याऐवजी मागच्या जोडणीतून संकेत घेऊन तो वेगळ्या छोट्या ॲम्पला द्यावा. चार आणे राखून ठेवायला सांगितले ते यासाठी.

आणि आपल्याकडे हेडफोन निवडताना छतावरच्या पंख्याचाही विचार करावा. मागून उघडे असलेले हेडफोन आवाजात मोकळेपणा आणतात, परंतु मे महिन्यात पाचवर फिरणारा पंखा तानपुऱ्याच्या जोडीला बसला, तर त्या मोकळेपणाचा उपयोग काय?

दोन आण्यांत काय काय मिळते?

सर्वांत स्वस्त ट्रान्सपोर्ट बहुधा घरातच धूळ खात असतो : जुना डीव्हीडी प्लेअर. त्याच्या मागे ‘कोॲक्शियल’ किंवा ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेली जोडणी असेल, तर तिथून आकडे जसेच्या तसे बाहेर पडतात, आणि डॅक व ॲम्प एकत्र असलेल्या छोट्या पेटीला ते दिले की काम झाले. अशी पेटी घेताना तिला तशीच आवक जोडणी आहे ना ते आधी पाहावे, कारण अनेक पेट्या केवळ यूएसबीवर चालतात. फक्त एचडीएमआय असलेले डीव्हीडी प्लेअर या कामाचे नाहीत. या मार्गातली उणीव वेगळीच आहे : काही डीव्हीडी प्लेअर दोन ट्रॅकच्या सांध्यावर क्षणभर मुके होतात. चित्रपटगीतांच्या सीडीत ते कळतही नाही, पण विलंबित ख्याल आणि द्रुत यांच्या मध्ये सलग चाललेला तानपुरा तिथे तुटला की रसभंग होतो. घरातली एखादी सलग मैफलीची सीडी लावून ही परीक्षा आधी घ्यावी.

जुने खिशातले प्लेअर, ज्यांना आपण सरसकट डिस्कमन म्हणतो, तेही चालतात, मात्र एक पथ्य पाळून. चालताना धक्के बसले तरी गाणे तुटू नये म्हणून त्यांत काही सेकंदांचा साठा करण्याची सोय असे, आणि तो साठा पुरावा म्हणून अनेक यंत्रे आवाज दाबून, काही अंश गाळून साठवत. टेबलावर ठेवून ऐकताना ही सोय आणि खर्ज वाढवणारे बटण दोन्ही बंद ठेवावीत.

बॅटरीवरचे जे नवे प्लेअर आले आहेत, त्यांत मोडी कागदाभोवतीची तिन्ही माणसे एकाच पेटीत आणि बऱ्या अवस्थेत मिळतात, वॉरंटीही असते. कमी ओहमच्या हेडफोनला त्यांचा अंगचा ॲम्प पुरतो, वेगळा घ्यावा लागत नाही, त्यामुळे जुन्या डिस्कमनपेक्षा महाग असूनही एकूण हिशेबात ते परवडतात. चार्जिंग चालू असताना बारीक घूं ऐकू आली तर वायर काढून बॅटरीवर ऐकावे. यामाहा, डेनॉन, मारँट्झ यांचे मोठे नवे प्लेअर हाय-फायच्या जगात स्वस्तच गणले जातात, परंतु ते दोन आण्यांत बसत नाहीत आणि हेडफोनपुरत्या मांडणीत त्यांची गरज पडत नाही. महागड्या जोडवायरींविषयी इतकेच म्हणतो की घट्ट बसणारी कोणतीही चांगली वायर चालते.

स्ट्रीमिंग असताना हा खटाटोप कशाला?

आवाजाच्या दर्जासाठी म्हणाल, तर कशालाच नाही. काहीही न गाळता गाणे पोहोचवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवा आज उपलब्ध आहेत, आणि सीडीतले आकडे संगणकावर उतरवून ऐकले तरी फरक पडत नाही. सीडी ऐकण्याचे कारण सीडी घरात असणे, तीवरचे ध्वनिमुद्रण इतरत्र न मिळणे किंवा एकदा लावलेली मैफल मध्येच न बदलता ऐकण्याची सवय हे असू शकते, आणि ते पुरेसे आहे.

याच्या अगदी उलट आक्षेप असा की, आता १६ बिटच्या पलीकडचे हाय-रेझोल्यूशन संगीत आले असताना सीडी मागास ठरली नाही का? २००७ मध्ये ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना कधी हाय-रेझोल्यूशन ध्वनी थेट आणि कधी तोच सीडीच्या दर्जाच्या वाटेने नेऊन ऐकवला गेला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा श्रोत्यांनी बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी जवळपास तेवढेच जमले असते.

जुना प्लेअर घ्यायला जाताना

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो की ओळखीतल्या कोणाच्या माळ्यावरचे खोके, जुना प्लेअर उचलण्याआधी तो उलटा करून मागची पट्टी वाचावी. जपानमधले यंत्र १०० व्होल्टचे असते, अमेरिकेतले १२० चे, आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. नातेवाइकांनी कौतुकाने आणलेला एक देखणा जपानी प्लेअर मी घाईघाईने थेट जोडला होता. त्याने एकही सूर न काढता धूर काढला. असे यंत्र घ्यायचेच असेल, तर योग्य ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरावा.

सोबत चार सीडी न्याव्यात : एक चांगली आणि पूर्ण भरलेली, एक ओरखडे असलेली, एक घरी कोरलेली, आणि शंभर-दीडशे अभंग किंवा भावगीते एकत्र असलेली एमपीथ्री सीडी असेल तर तीही. छापील सीडी लेसरचा सुमारे ७० टक्के प्रकाश परत पाठवते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकाच. म्हणून थकलेला लेसर प्रथम घरी कोरलेल्या तबकड्यांवर अडखळतो. एमपीथ्री न वाजणे हा मात्र बिघाड नव्हे, जुन्या प्लेअरांना ती लिपीच येत नाही. पूर्ण भरलेल्या सीडीचा पहिला ट्रॅक लावून थेट शेवटच्यावर उडी मारावी. यंत्र दोन-तीन सेकंदांत तिथे पोहोचून वाजू लागले, तर लेसरची गाडी रुळांवर मोकळी धावते आहे. घरघर करत चाचपडले, तर रुळांवरचे ग्रीस वाळले असावे. ते साफ करता येते. रिमोट नसेल, तर काही सोयी कायमच्या हातच्या गेल्या असे समजावे. आणि ज्या यंत्रात सोनीच्या केएसएस-२१३ सारखा, असंख्य मॉडेलांत वापरला गेलेला लेसर आहे, ते दुर्मीळ भागांच्या नावाजलेल्या यंत्रापेक्षा अधिक पसंत करावे, कारण तो भाग आजही सुटा मिळतो.

कोकणपट्टीच्या दमट हवेत लेन्सवर धुरकट थर बसतो. लेन्स पुसण्याच्या द्रवात किंचित ओला केलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवला, की बरीच ‘मेलेली’ यंत्रे उठून बसतात. त्यानेही भागले नाही तरी लगेच लेसरवर आळ घेऊ नये. माझा सध्याचा प्लेअर ‘डिस्क नाही’ एवढेच सांगत असे, आणि दोन ठिकाणी मला लेन्स गेल्याचे सांगण्यात आले. झाकण उघडल्यावर दिसले की ट्रे आत घेणारा रबरी पट्टा सैल पडला होता. त्यामुळे ट्रे आत जाई, पण त्यानंतर तबकडीला खालून उचलून धरणारा भाग पुरता वर येत नसे. पट्टा अगदी किरकोळ किमतीला मिळाला. लेन्स अजून मूळचीच आहे.